काटा थंड, गोधडी गरम

ईशान, गेल्या रविवारी तू फोनवर हसत हसत सांगितलंस की तुझ्या गाडीने तुला फसवलं. इंजिन तापलेलं नसताना समोर लाल खूण आली, तू घाबरून भर बर्फात गाडी बाजूला घेतलीस, आणि गॅरेजवाल्याने एक छोटं यंत्र जोडून सांगितलं की इंजिनातलं पाणी किती तापलंय हे सांगणारा सेन्सर बिघडला आहे. त्याने नवा बसवला, तू घरी गेलास, विषय संपला. मागून तारा म्हणाली, "आजी, तू गप्प का झालीस?" मी म्हणाले, आवाज तुटतोय. आवाज चांगला स्पष्ट येत होता. मला एक गोधडी आठवली होती, निळ्या-काळ्या तुकड्यांची, आणि तिच्यावर बसलेली मी.

तुम्हा दोघांसाठी हे जे लिहिते आहे त्यात आधी शाळा, मग कॉलेज, मग नोकरी असा क्रम मी ठरवला होता, आणि ठरलेला क्रम मोडायला मला आवडत नाही. पण ही गोष्ट आता मनात वर आली आहे, तर ती लिहूनच पुढे जाते.

तेव्हा आम्ही नांदेडला, विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला राहत होतो. दोन खोल्या, पत्र्याचं स्वयंपाकघर आणि घरापेक्षा मोठं अंगण. अंगणात एक निंब आणि निंबाखाली आमचा टेम्पो. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, त्यांना आम्ही आण्णा म्हणत असू. आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ मधुकरकाका शेतकऱ्यांचे पंप बसवायचं आणि पाइपलाइन जोडायचं काम करत. माय प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मला इंग्रजी शाळेत घालायचं तिनेच ठरवलं आणि तडीस नेलं. सकाळी माझी जाग यायची ती लोखंडी पाइपावर आटे पाडण्याच्या आवाजाने. एका लयीत तो करकर आवाज, मध्येच तेलाचा डबा ठेवल्याचा ठणका, आणि आतून मायच्या भाकरी थापण्याचा. आमच्या घराला दोन वास होते, एक चुलीवरच्या येसराच्या आमटीचा आणि दुसरा सफेद्याचा. पाइपाचा सांधा जोडताना आट्यांवर सुतळीचे धागे गुंडाळायचे, वरून तो पांढरा, तेलकट सफेदा फासायचा आणि पान्याने आवळायचं. मग थेंब बाहेर येत नाही. मधुकरकाकांचा जीव त्या एका गोष्टीत होता. एखादा सांधा पाझरला तर ते त्याला 'रडका' म्हणत. "माझा सांधा रडला असं उमरीपासून औशापर्यंत कोणी म्हणून दाखवावं," हे त्यांचं वाक्य आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेलं असे.

टेम्पोबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही तसली गाडी पाहिलेली नाही. तिला पुढे नाक नव्हतं. इंजिन ड्रायव्हरच्या केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधोमध, एका पत्र्याच्या झाकणाखाली होतं, आणि रेडिएटरमध्ये पाणी घालायचं तोंडही त्याच झाकणाखाली. त्या झाकणावर आम्ही गोधडी घडी करून टाकत असू आणि तिसरा माणूस तिथे बसत असे. हिवाळ्यात त्या जागेसाठी भांडणं व्हायची. समोर काचेखाली दोन-तीन गोल घड्याळं होती. त्यातलं एक इंजिनातल्या पाण्याच्या उष्णतेचं. डावीकडे थंड, उजवीकडे गरम, मध्ये एक बारीक काटा.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात आण्णा उमरीकडचं काम करून परत आले. काटा उजवीकडे टेकला होता. घाईत होते. टेम्पो निंबाखाली लावला, झाकण उचललं, हातावर फडकं घेतलं आणि रेडिएटरची टोपी फिरवली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. आधी एक फुत्कार ऐकू आला, एखाद्या जनावराने केल्यासारखा, आणि मग केबिनच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या. आण्णा दार उघडून खाली उतरले. ओरडले नाहीत. अंगणात मांडी घालून बसले, उजवा हात पुढे धरून, जणू कोणाला तरी दाखवायचा आहे. दुधावरची साय बोटाने सरकवावी तशी मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सरकली होती. मानेवरही. मायने घागर आणून त्यांच्या हातावर पाणी धरलं, आणि धरता धरता ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, "काऊन, काऊन, काऊन."

हात बरा झाला. मानेवर एक गुलाबी, चकचकीत डाग राहिला. पण दुसरं काहीतरी बरं झालं नाही. चुलीवर भाताचं झाकण थडथडायला लागलं की आण्णा उठून बाहेर जात. चहा ते पार निवल्यावर पीत, वर साय धरलेला. माय झाकण न ठेवता भात शिजवू लागली. आणि टेम्पो चालवायचा तर शेजारी काटा बघणारं माणूस पाहिजे, असं आण्णांनी ठरवून टाकलं. स्वतः त्यांना त्या घड्याळाकडे बघवत नसे. शाळेला सुट्टी असली की ते काम माझं. गोधडीवर बसायचं, आणि आण्णांनी रस्त्यावरची नजर न काढता "काटा?" विचारलं की उत्तर द्यायचं. उत्तरं तीनच होती. थंड, मधी, वर. 'वर' म्हणायची पाळी कधी आली नाही. पण प्रत्येक वेळी 'मधी' म्हणताना मला वाटायचं, मी बोलेपर्यंत तो वर गेला तर. मी पापणी लवायची सुद्धा कमी केली होती. आजही मी गॅसवर दूध ठेवलं की तिथून हलत नाही, आणि तुमचे आजोबा मला हसायचे ते यावरूनच.

माझी मोठी बहीण, अक्का, औशाला दिलेली. तिला दिवस गेले आणि सातवा महिना सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. तिला आणायला जायचं ठरलं. एसटीच्या धक्क्यांत पाठवायला तिची सासू तयार नव्हती, आण्णाही नव्हते. मायला शाळेतून सुटी मिळाली नाही, तेव्हा घरचं बाईमाणूस म्हणून मला पाठवायचं ठरलं.

निघायच्या आधी काही दिवस मधुकरकाकांना इंजिनाच्या कडेला ओल दिसली. इंजिनात एक पितळी बटन असतं, अंगठ्याच्या पेराएवढं, आटे पाडून इंजिनाच्या अंगात घट्ट बसवलेलं. त्याचं पुढचं टोक आतल्या पाण्यात बुडलेलं असतं आणि मागून एक वायर काट्याकडे जाते. ईशान, तुझा सेन्सर तो हाच, फक्त जुन्या अवतारातला. आण्णा त्याला नुसतं बटन म्हणत. त्या बटनाच्या कडेने थेंब पाझरत होता.

"रडून राहिलंय," मधुकरकाका म्हणाले.

आण्णा ओट्यावरच होते. "नवं आण. पोरगी बसणार हाय त्यात. मला एक थेंब नको गरम पाण्याचा."

"थेंब? दादा, तुम्ही मला थेंबाचं सांगायलाव?"

काकांनी नवं बटन आणलं, बसवलं, आणि दुपारभर इंजिन चालू ठेवून त्याच्या कडेने बोट फिरवून दाखवलं. कोरडं ठाक. मायने त्या दिवशी काकांना जास्तीची भाकरी वाढली.

पहाटे निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि दर थोड्या वेळाने आण्णा विचारत होते, "काटा?" मी म्हणत होते, "थंड." एरवी घराबाहेर पडून थोडं पुढे आलं की काटा मधी येऊन बसत असे. त्या दिवशी तो डावीकडून हललाच नाही. मी ते बोलूनही दाखवलं. मधुकरकाका दाराजवळच्या सीटवर बसून पान लावत होते. म्हणाले, "नवं काम हाय ते. जुनं बटन गळकं, तेला काय कळत होतं? आता खरं दाखवून राहिलं." सकाळची हवा गार होती, टेम्पो मोकळा होता. आण्णांनी खिडकीवर कोपर टेकला. वर्षभरात पहिल्यांदा ते गाडी चालवताना गुणगुणले. चाकूरच्या अलीकडे तर ते विचारायचेही थांबले. मला केवढं हलकं वाटलं, हे आज लिहिताना सुद्धा कळतंय.

अक्काच्या सासरी आम्हाला धपाटे, दही, शेंगाची चटणी आणि अंबाडीची भाजी होती. अक्काचे पाय सुजलेले, चेहरा फिकट. सासूबाई कडक होत्या पण मनाच्या वाईट नव्हत्या. अक्काच्या ओटीत खोबरं घालताना मला म्हणाल्या, "पोरी, हिला पुढं बशिव. मागं धक्के लागतील. आन उतरू देऊ नको कुठं, डायरेक घरी."

"हाव," मी म्हणाले.

"हाव मनायलीस, पर ध्यान कुठं हाय तुझं?"

ध्यान टेम्पोकडे होतं. त्यात ज्वारीची पोती चढत होती, अक्काची पेटी, बाळंतपणासाठी साठवलेल्या गोवऱ्या आणि हळीव-डिंकाचा डबा. मधुकरकाका मागे सामानावर बसले. अक्का दाराजवळ, मी गोधडीवर मध्ये, आण्णा स्टिअरिंगवर. ऊन डोक्यावर आलं होतं.

लातूर मागे पडलं तोवर अक्का बोलत होती. माहेरी निघालेल्या बाईला किती बोलायचं असतं. मायचे केस पिकले का, निंबाला निंबोळ्या धरल्या का, माझं इंग्रजी कुठवर आलं. मी अर्धं ऐकत होते. चाकूर सोडल्यावर रस्ता चढाला लागला. मला पहिल्यांदा जाणवलं ते मांडीखाली. गोधडी नेहमीच ऊबदार असते, पण ही ऊब नव्हती. भाकरी काढल्यावर तवा चुलीवर तसाच राहिला की त्याच्या बाजूने जी झळ येते, ती खालून येत होती. मी सरकून बसले. काट्याकडे पाहिलं. थंड.

"काटा?" आण्णांनी विचारलं. चढ लागला म्हणून सवयीने.

"थंड," मी म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर वास आला. तापलेल्या रंगाचा, गोडसर. अक्काने पदर नाकाला लावला आणि म्हणाली की तिला आताशा सगळेच वास येतात. मी गोधडीची कड उचलून पत्र्याला बोट लावलं आणि लगेच तोंडात घातलं. काटा थंड होता. मला जी भीती तेव्हा वाटली ती मी कशी सांगू. काटा वर गेला असता तर काय करायचं ते ठाऊक होतं, तेवढ्यासाठी तर मला तिथे बसवलं होतं. काटा थंड असताना काय म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि 'तापलंय' हा शब्द मी उच्चारला तर आण्णांच्या हातांचं काय होईल, स्टिअरिंगवरच्या हातांचं, याचीही भीती होतीच. अक्काचे सुजलेले पाय त्या झाकणाला टेकून होते. पोट त्याच्यापासून वीतभर लांब.

"आण्णा," मी म्हणाले, "काटा थंड हाय. पण गोधडी गरम हाय."

"गोधडी गरमच असती."

"अशी नसती. मला बसवेना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मानेवरचा तो गुलाबी डाग लाल झालेला मला दिसला. मग अक्काने सहज वाकून झाकणावर तळहात ठेवला आणि "अगं माय" म्हणून मागे घेतला. आण्णांनी टेम्पो बाजूला घेतला, एका चिंचेच्या सावलीत, आणि इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर शांतता व्हायला हवी होती. झाकणाखाली काहीतरी टकटक करत होतं, आणि त्याच्या खाली खदखद.

आण्णा उतरले, फिरून आले, अक्काचा हात धरून तिला उतरवलं आणि चिंचेच्या पलीकडच्या बाजूला पारावर नेऊन बसवलं. मला खुणेने तिच्याजवळ बोलावलं. स्वतः मात्र अक्काची पिशवी छातीशी धरून तिथेच उभे राहिले. टेम्पोकडे त्यांचं पाऊल पडेना. मी माझ्या वडिलांना त्याआधी घाबरलेलं पाहिलं होतं, पण उन्हात, रस्त्यावर, एवढं उघडं कधी पाहिलं नव्हतं.

मधुकरकाका मागून उडी मारून आले. काय झालं ते ऐकून त्यांनी केबिनमध्ये डोकं घालून काटा पाहिला. "अरे, काटा पार तळाला हाय. थंडगार हाय. ऊन पडलंय पत्र्यावर, दुसरं काय? पाणी बघतो अन् निघू." त्यांनी गोधडी ओढून फेकली, झाकण उचललं आणि धोतराचा सोगा हातावर घेऊन टोपीला हात घातला.

आण्णा कसे पोहोचले ते मला कळलं नाही. पिशवी रस्त्यात पडली होती आणि आण्णांनी त्यांच्या भाजलेल्या हाताने काकांचं मनगट धरलं होतं. दोघे भाऊ तसेच उभे राहिले.

"सोड," आण्णा हळूच म्हणाले. "मधुकर, सोड ते."

"दादा, काटा..."

"काटा मरू दे."

"मग मला दाखवा तरी तापलंय म्हणून. माझं काम हाय ते. म्या बशिवलंय."

काका ऐकणारे नव्हते. आण्णांच्या भीतीचा त्यांना वर्षभर कंटाळा आला होता, तो त्यांच्या आवाजात होता. आणि आण्णांकडे दाखवायला काहीच नव्हतं, एक मानेवरचा डाग सोडला तर. तेव्हा अक्का पारावरून म्हणाली, "काका, तवा तापला का नाही ते काकू कसं बघते?" तिने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी कुठल्याही मुलीने चुलीपुढे शेकडो वेळा केलेलं केलं. टेम्पोच्या पायरीवर उभी राहिले, हात शक्य तेवढा लांब केला आणि बोटं ओली करून इंजिनाच्या लोखंडावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. थेंब लोखंडावर नाचले आणि पुसल्यासारखे नाहीसे झाले. मी पुन्हा शिंपडलं. पुन्हा तसंच. समोर काटा डावीकडे झोपलेला.

मधुकरकाकांनी टोपीवरचा हात काढून घेतला आणि आपल्या तळहाताकडे पाहत राहिले.

मग आम्ही वाट पाहिली. किती ते मला आठवत नाही. चिंचेची सावली आमच्यावरून सरकून रस्त्यावर गेली होती एवढं आठवतं. जवळच्या शेतात एक खोपी होती. तिथल्या म्हातारीने अक्काला बघितलं आणि न विचारता बाज आणून टाकली. "भरल्या अंगाची बाई अशी धुळीत बशिवतेत का," म्हणून तिने आण्णांना आणि काकांना मिळून सुनावलं, आणि दोघांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

दर थोड्या वेळाने मी जाऊन पाणी शिंपडत होते. चर्र होईनासं झालं, मग थेंब नुसते पसरू लागले, मग मी बोट टेकवू शकले. तरीही आण्णा थांबले. शेवटी त्यांनी ओलं गोणपाट मागितलं, काकांना दूर केलं आणि स्वतः ती टोपी झाकली. थोडी फिरवली, थांबले, थोडी फिरवली. आतून एक लांब उसासा निघाला आणि संपला. आण्णांनीही तेव्हाच श्वास सोडला. पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं. पंख्याचा पट्टा ढिला पडून पंखा नीट फिरत नव्हता. तो पट्टा दोघांनी मिळून ताणून बसवला.

पण आण्णा निघायला तयार नव्हते. "खोटं बोलणारं बसवून पोरीला नेऊ का मी? आधी कोण खोटं बोलतंय ते बघू." मला आठवतं, हे बोलताना त्यांचा आवाज पंप दुरुस्त करतानाचा झाला होता. भीती गेली नव्हती, पण तिच्या हाताला काम मिळालं होतं.

त्यांनी आधी बटनावरची वायर काढली, मला केबिनमध्ये बसवलं, चावी फिरवली आणि वायरचं उघडं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. "काटा?" काटा सरकन उजवीकडे गेला. "वर," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. वायर उचलली, काटा खाली आला. म्हणजे काटा चांगला, वायरही चांगली.

"मग बटनच खराब," आण्णा म्हणाले.

"नवंकोरं हाय," मधुकरकाका म्हणाले.

बटन काढलं. म्हातारीच्या चुलीवर पाण्याला उकळी आणली आणि ते पातेलं टेम्पोजवळ आणायची वेळ आली, तेव्हा मी पुढे झाले. आण्णांनी मला अडवलं. त्यांनी दोन फडक्यांत धरून ते स्वतः आणलं, उकळतं पाणी, चेहऱ्यावर वाफ घेत, पाय मोजल्यासारखे टाकत. खाली ठेवल्यावर त्यांचे ओठ पांढरे होते. बटनाच्या पान्यात धरायच्या कडेला त्यांनी एक वायर गुंडाळून दुसरं टोक इंजिनाला बांधलं, मागच्या बाजूला काट्याची वायर लावली आणि बटनाचं टोक पाण्यात धरलं.

काटा चढू लागला. हळूहळू, शहाण्यासारखा, मधी आला आणि पुढे गेला.

"वर चाललाय," मी म्हणाले.

बटन चांगलं होतं. वायर चांगली होती. काटा चांगला होता. एकेकटे सगळे खरे बोलत होते आणि एकत्र बसवले की खोटं. मला तेव्हा पुन्हा भीती वाटली, मघापेक्षा वेगळी. चोर सापडला नाही तर तो घरातच असतो, तशी. शाळेत आम्हाला विजेचा धडा नुकताच झाला होता आणि मी तो समजल्यापेक्षा पाठच जास्त केला होता. वीज एका बाजूने जाते आणि दुसऱ्या बाजूने परत यावी लागते, एवढं डोक्यात होतं.

"आण्णा, पातेल्यात असताना तुम्ही दुसरी वायर बांधलीत. इंजिनात बसवल्यावर ती कुठंय?"

"ती लागत न्हाई. बटनाचं अंगच लोखंडाला टेकतं. आट्यातून अर्थिंग..." आण्णा बोलता बोलता थांबले. त्यांनी बटन उलटं केलं. आट्यांमध्ये सुतळीचे धागे रुतलेले होते, वरून सफेद्याचा जाड, पांढरा, सुंदर थर. आट्यांचं पितळ कुठेच दिसत नव्हतं.

"मधुकर," ते म्हणाले, "हे तू पाइपासारखं बांधलंस."

काकांनी बटन हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. तो सांधा आवळल्यावर पाणी बाहेर आलं नाही, आणि वीजही आरपार गेली नाही. आमच्या घरात ज्या कामाचा सगळ्यांत जास्त अभिमान होता, तेच काम काकांनी जीव ओतून केलं होतं. त्यांनी खिशातून चाकू काढला, पारावर बसले आणि आट्याआट्यातून सुतळी काढू लागले. म्हातारी विचारत होती, काय झालं, काय झालं. अक्का म्हणाली, "काही नाही आजी, बटनाला लई कपडे घातले होते." सगळ्यात आधी आण्णा हसले. मला ते हसणं भीतीसारखंच वाटलं, अंग सोडून देणारं.

उघडं बटन बसवलं, पाणी भरलं, झाकण लावून गोधडी घातली, इंजिन सुरू केलं. मी गोधडीवर बसले. अक्का पुन्हा दाराजवळ, पाय या वेळी झाकणापासून दूर, ज्वारीच्या पोत्यावर. काटा हलला. डावीकडून निघाला आणि चढू लागला, आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. सबंध दिवस तो खाली होता तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. आता खरं सांगू लागला तर आम्हाला भीती वाटू लागली. तो मधी आला. थांबला.

मधुकरकाका टेम्पोखाली वाकून इंजिनाकडे पाहत होते. बटनाच्या कडेने एक थेंब आला, फुगला आणि इंजिनावर पडून वाफ झाला. मग दुसरा.

"दादा, रडायलंय हे," काका म्हणाले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. "असं नेऊ? घरी जाईपर्यंत गळंल. जरासा सफेदा, निस्ता कडंला..."

"रडू दे," आण्णा म्हणाले.

काका हात पुसत उठले आणि मागे जाऊन बसले. अहमदपूरला पाणी घातलं, लोह्याला घातलं. दोन्ही वेळा आण्णांनीच टोपी उघडली, ओल्या गोणपाटाने, मला आणि अक्काला आधी लांब उभं करून. ते नंतरही कधी गरम चहा प्यायले नाहीत, भाताचं झाकण आमच्या घरात परत आलं नाही, आणि बाकी कशाने ते शूर झाले असंही मी सांगणार नाही. त्या चढावर जिच्यासाठी आम्ही थांबलो ती तुमची मीनाआत्या पुढे नांदेडच्या त्या पत्र्याच्या घरात जन्मली. तुम्ही आलात की ती तुमच्यासाठी धपाटे करते आणि तवा तापला का ते पाणी शिंपडून बघते. तारा, मागच्या वेळी तू त्याचा व्हिडिओ काढला होतास.

तुम्ही दोघं फोनवर "सगळं छान" म्हणता, तेव्हा मी ते ऐकते आणि तुमच्या आवाजाखाली हात घालून बघते. मला काटा मधी असलेला चालतो. वर गेलेलाही चालेल, सांगितलं तर.

नांदेडची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्का माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. खाली गोधडी ऊबदार होती, नेहमीसारखी. आण्णांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"काटा?"

"मधी," मी म्हणाले.

त्यांनी गिअर बदलला. "आन गोधडी?"